वेदनेचे नाव आणि शस्त्रक्रियेचा निर्णय : गडचिरोलीच्या निमित्ताने

'ऑपरेशन' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की खेड्यातल्या बाईच्या तोंडी त्याला विशेषण लागत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे, किंबहुना महाराष्ट्रात कुठेही, 'तिचं ऑपरेशन झालं' असे कानावर आले की ऐकणारी दोनांपैकी एक अर्थ आपोआप घेते : एक तर कुटुंबनियोजनाचे, नाहीतर पिशवीचे. पुढे विचारणे होत नाही. यातला 'पिशवी' हा शब्दही जरा थांबून पाहावा असा आहे. 'गर्भाशय' या शब्दात आश्रय आहे. पिशवी मात्र भरलेली असते किंवा रिकामी असते, आणि काम झाल्यावर टाकून देता येते. डॉक्टरने 'गर्भाशय काढू या' म्हटले तर बाई कदाचित दोन दिवस विचार करील. 'पिशवी काढून टाका, कटकट जाईल' या वाक्यात तो विचार आधीच उरकलेला असतो.

या दोन अर्थांच्या बाहेर राहिलेले एक तिसरे दुखणे प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ते गर्भाशयाचे नव्हे, बाह्य जननेंद्रियाचे. योनिमुखाशी आग होते, सुई टोचल्यासारखे होते, स्पर्श सोसवत नाही. डोळ्यांना बहुधा काही दिसत नाही. जखम नाही, गाठ नाही. कपडा घासला तरी त्रास, उकिडवे बसून निंदण करताना त्रास, सायकलवर त्रास, आणि नवऱ्याजवळ जाण्याची वेळ आली की त्या विचारानेच अंग आखडते. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. आधुनिक वैद्यक त्याला 'व्हल्व्होडायनिया' म्हणते. मराठीत त्याला रूढ शब्द नाही. 'अंगावरून जाणे' आहे, 'पाळीचा त्रास' आहे, 'कंबर धरणे' आहे. याला मात्र फार तर 'खाली दुखते', आणि 'खाली' म्हणजे पोटाच्या खालचे काहीही.

हा विषय साहित्याच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. 'वेदना' हा शब्द आम्ही मराठीचे अध्यापक वर्गात रोज उच्चारतो. वेदना, विद्रोह, नकार ही त्रयी विद्यार्थी परीक्षेत पाठ लिहितात. परंतु शरीरातल्या एका विशिष्ट जागेच्या, एका विशिष्ट जातीच्या वेदनेसाठी भाषेत शब्दच नसेल तर काय घडते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की ज्या वेदनेला नाव नसते तिच्यावर शेजारच्या वेदनेच्या नावाने उपचार होतात, आणि वेळ आली तर शेजारच्या नावाने सुरीही चालते. शस्त्रक्रिया करावी की न करावी हा निर्णय म्हणूनच दवाखान्यात पोचण्याच्या आधी भाषेत अडलेला असतो.

शब्द कधी नव्हतेच असे नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापद सांगितल्या आहेत. त्यांतल्या 'वातला' या प्रकारात टोचणी, ताठरपणा, मुंग्या चालल्यासारखी भावना आणि बधिरपणा यांचे वर्णन येते; 'परिप्लुता' या प्रकारात सूज येते आणि स्पर्श सहन होत नाही. उपचार आहेत ते तेलातुपाचे, पिचू ठेवण्याचे, शेक घेण्याचे. आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह इथे आवरावा. परिप्लुतेचे कारण म्हणून ग्रंथकार समागमाच्या वेळी शिंक किंवा ढेकर दाबणे सांगतो! तरी स्पर्श न सोसणे हे स्वतंत्र लक्षण म्हणून नोंदवावेसे कोणाला तरी वाटले होते. ती नोंद पोथीत राहिली. बाईच्या बोलीत उतरली नाही.

पश्चिमेकडे या वेदनेला नाव मिळाले ते मात्र सुरीच्या सोबतीने. १८६१ साली जे. मेरियन सिम्स या अमेरिकन शल्यविशारदाने लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला आणि 'व्हॅजिनिस्मस' हा शब्द रूढ केला. त्याने उपाय सांगितला तो योनिपटलाचा उरलेला भाग कापून काढण्याचा, मुखाशी छेद घेण्याचा आणि पुढे काचेची नळी ठेवून मार्ग रुंद राखण्याचा. हा तोच सिम्स, ज्याने १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातील माँटगोमेरी येथे गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया करून आपले तंत्र बसवले. त्यांतल्या अनार्का, बेट्सी आणि लूसी या तिघींची नावे तेवढी आपल्याला माहीत आहेत. त्याच्याच १८६६ सालच्या ग्रंथात एक प्रकरण येते. एका स्त्रीला संबंध सहन होत नव्हते, म्हणून डॉक्टर घरी जाऊन तिला ईथरची भूल देत असे आणि त्या अवस्थेत पती तिच्याशी संबंध ठेवीत असे. तिला गर्भ राहिला, हे यश म्हणून नोंदवलेले आहे. वेदना कोणाची आणि अडचण कोणाची मानली गेली, हे याहून स्पष्ट काय दिसणार?

त्याच दशकात लंडनमध्ये आयझॅक बेकर ब्राउन हा डॉक्टर स्त्रियांच्या अपस्मारापासून 'उन्मादा'पर्यंत अनेक विकारांवर उपाय म्हणून शिस्निका कापून टाकत होता. १८६७ मध्ये त्याच सोसायटीने त्याला काढून टाकले. त्याच्यावरच्या आरोपांत, रुग्ण स्त्रियांना नेमके काय कापले जाणार हे न सांगता कापले, हाही एक होता.

१८८० साली न्यूयॉर्कच्या टी. गेलार्ड थॉमसने आपल्या पाठ्यपुस्तकात या दुखण्याचे बरेच नेमके वर्णन केले : लाली नाही, सूज नाही, पण मज्जातंतूंची अतिसंवेदना. इतक्या वेळा दिसणाऱ्या आजाराला पुस्तकांत जागा कशी नाही, याचे त्याला आश्चर्य वाटले होते. १९२८ मध्ये हॉवर्ड केलीने योनिमुखावरच्या अतिहळव्या लाल ठिपक्यांचा उल्लेख केला. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक हे दुखणे वैद्यकीय वाङ्मयातून दिसेनासे झाले, किंवा मनोविकाराच्या खात्यात जमा झाले. दिसत नाही म्हणजे मनात आहे, असा तो न्याय.

त्या अर्ध्या शतकात मराठीत एका माणसाने निदान प्रश्न विचारण्याची सोय करून ठेवली होती. र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ एवढा काळ निघाले आणि त्यात वाचकांच्या कामजीवनविषयक प्रश्नांना सरळ उत्तरे असत. १९३४ चा त्यांच्यावरचा खटला मुख्यतः या उत्तरांवरूनच झाला. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. लैंगिक प्रश्नांना वाहिलेल्या मासिकाने वाचकांच्या शंकांना उत्तर द्यायचे नाही तर काय करायचे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. म्हणजे शरीराबद्दल विचारणे आणि सांगणे हा आपल्याकडे केवळ संकोचाचा भाग नव्हता. तो कायद्याच्या दृष्टीने गुन्हाही ठरू शकत होता. आणि 'समाजस्वास्थ्य' वाचणारा वाचक शहरातला, साक्षर, बहुतांशी पुरुष. धानाच्या बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या, उन्हाळ्यात पहाटेपासून मोहफुले वेचणाऱ्या बाईपर्यंत ते मासिक कुठून पोचणार?

त्या बाईपर्यंत पोचण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न गडचिरोलीत झाला. त्याबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्याचा उल्लेख पुष्कळदा एका आकड्यापुरता होतो.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. चार वर्षांनी, १९८६ मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे जोडपे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन तिथे कामाला आले. राणीताई मूळच्या चंद्रपूरच्या, शिक्षणाने स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीजवळच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत जे सर्वेक्षण केले त्याचा अहवाल जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. ६५० स्त्रियांच्या मुलाखती, सर्वसाधारण शरीरतपासणी, अंतर्तपासणी आणि प्रयोगशाळेतील चाचण्या. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग होते. सरासरी काढली तर दर स्त्रीमागे ३.६ रोग. यातले निम्मे आजारपण जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते. आणि याआधी कधी तरी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

९२ हा आकडा जगभर गाजला. स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढीच ज्या धोरणकर्त्यांची व्याख्या होती त्यांना तो आकडा अडचणीचा वाटला. आम्हांला मात्र त्याच अहवालातले दुसरे दोन आकडे अधिक विचार करायला लावतात. ५५ टक्के स्त्रियांनी तक्रार सांगितली. ४५ टक्क्यांनी काहीच तक्रार नसल्याचे सांगितले. या ४५ टक्क्यांतल्या बहुतेकींनाही तपासणीत काही ना काही सापडले असलेच पाहिजे, नाहीतर ९२ ची बेरीज जुळत नाही. काही आजार लक्षणांवाचून असतात हे खरे. पण 'त्रास' कशाला म्हणायचे याची पातळी कोणी ठरवली, हाही प्रश्न आहे. आईला होते, सासूला होते, जावेला होते. मग ते दुखणे राहत नाही, बाईपण होते. ज्या गोष्टीला आजार म्हणता येते हेच ठाऊक नाही, ती मुलाखतीत कशी सांगणार?

राणीताईंनी पुढे केलेले काम या प्रश्नाला धरून आहे. पांढरे पाणी जाण्याबद्दल ग्रामीण स्त्रियांच्या कल्पना काय आहेत, याचा वेगळा अभ्यास बंग दांपत्याने १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. वैद्यकशास्त्र ज्याला किरकोळ मानते ते बायका शक्ती झिरपून जाण्याचे लक्षण मानून धसका घेतात, आणि डॉक्टर ज्याला गंभीर समजतो ते त्या अंगावर काढतात. दोघांच्या शब्दकोशांत गंभीर आणि किरकोळ यांची पाने उलटसुलट लागलेली. राणीताईंच्या मराठी पुस्तकाचे नाव 'कानोसा' आहे. कानोसा घेणे म्हणजे नुसते ऐकणे नव्हे. जे मोठ्याने बोलले जात नाही त्याची चाहूल घेणे. त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाचे नाव 'गोईण', म्हणजे मैत्रीण. ते आदिवासी स्त्रिया आणि झाडे यांच्या नात्याविषयी आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाला झाडांच्या वाटेने जावे लागावे यात आम्हांला नवल वाटत नाही. कोणत्या झाडाची साल कशावर उगाळतात हे विचारता विचारता ते 'कशावर' आपसूक कळते.

लॅन्सेटमधील तो अहवाल आणि व्हल्व्होडायनियाच्या आधुनिक इतिहासातला एक टप्पा यांत जेमतेम दोन वर्षांचे अंतर आहे. १९८७ मध्ये एडवर्ड फ्रीडरिक यांनी योनिमुखाच्या या वेदनेची तीन लक्षणे निश्चित केली : स्पर्शाने किंवा प्रवेशाच्या प्रयत्नाने तीव्र वेदना, योनिमुखाच्या ठरावीक जागी दाबल्यावर हळवेपणा, आणि लाली. विसरलेले दुखणे पुन्हा नकाशावर आले. एकीकडे नाव सापडत होते, दुसरीकडे नाव नसलेल्या बायका प्रथमच तपासल्या जात होत्या. दोन्ही वाटा एकमेकींना मिळाल्या मात्र नाहीत.

सुस्थितीतल्या बाईचेही फार वेगळे नव्हते. अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १६ टक्के स्त्रियांनी तीन महिने वा अधिक टिकलेल्या अशा वेदनेचा अनुभव सांगितला, आणि त्यांतल्या जवळजवळ ४० टक्के कधी डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या. तेव्हा संकोच हा केवळ जंगलातल्या बाईचा, असे समजण्याचे कारण नाही.

आता निर्णयाकडे येऊ. २०१५ मध्ये तज्ज्ञ संघटनांनी एकत्र येऊन ठरवलेल्या व्याख्येनुसार व्हल्व्होडायनिया म्हणजे किमान तीन महिने टिकलेली आणि स्पष्ट कारण न सापडलेली वेदना. 'कारण न सापडलेली' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारण शोधल्यावाचून ते सापडले नाही असे म्हणता येत नाही. बुरशीचा संसर्ग, लायकेन स्क्लेरोसससारखे त्वचारोग, स्तनपानाच्या काळात किंवा पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झाल्याने आलेला कोरडेपणा, साबण आणि जंतुनाशकांनी होणारी जळजळ, बाळंतपणातली टाक्यांची जागा, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा आखडलेपणा : हे सगळे एकेक करून तपासावे लागते. ज्या दोन गावांत निम्मे आजारपण जंतुसंसर्गाचे निघाले आणि शंभरातल्या ९२ स्त्रियांची आधी कधी तपासणी व उपचार झालेले नव्हते, तिथे 'शस्त्रक्रिया करावी का' हा पहिला प्रश्न असूच शकत नाही. तो सहावा किंवा सातवा प्रश्न.

आणि त्या टप्प्यावर तो खरा प्रश्न असतो. योनिमुखाची हळवी त्वचा काढून आतले अस्तर पुढे ओढून शिवण्याची जी शस्त्रक्रिया आहे, ती ठरावीक जागी आणि स्पर्शानेच होणाऱ्या वेदनेपुरती आहे. सर्वत्र आणि सतत जळजळ असेल तर ती सुचवत नाहीत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका चाचणीत ७८ स्त्रियांची तीन गटांत विभागणी झाली : शस्त्रक्रिया, स्नायूंवर ताबा शिकवणारे बायोफीडबॅक, आणि गटाने घ्यायची मानसोपचाराची सत्रे. तिन्ही गटांत वेदना कमी झाली, सर्वांत जास्त शस्त्रक्रियेच्या गटात. परंतु त्या गटात नेमलेल्या काही स्त्रियांनी शस्त्रक्रियाच नाकारली. अडीच वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा संबंधाच्या वेळच्या वेदनेबाबत शस्त्रक्रियेचा गट आणि मानसोपचाराचा गट बरोबरीला आले होते. २०१० च्या दुसऱ्या एका चाचणीत डेसिप्रामिनच्या गोळ्या आणि लिडोकेनचे मलम हे नुसत्या दिखाऊ औषधाहून सरस ठरले नाहीत. २०२१ मध्ये, पुन्हा कॅनडातच, स्नायूंची फिजिओथेरपी लिडोकेनपेक्षा चांगली ठरली. तेव्हा सुरी हा शेवटचा उपाय असला तरी तो खोटा उपाय नव्हे. वर्षे वेदनेत काढलेली आणि बाकी सगळे करून पाहिलेली बाई तो निवडते तेव्हा तिला अडाणी किंवा उतावीळ समजू नये.

मात्र त्या कॅनडातल्या बाईपुढे तीन पर्याय मांडलेले होते आणि ती एकाला नाही म्हणू शकत होती. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर. भामरागडहून गडचिरोली पुन्हा जवळजवळ तेवढेच, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होत आलेला. दर आठवड्याला फिजिओथेरपीला जा, हा सल्ला त्या अंतरावर उच्चारून पाहावा. एकदाच काय ते कापून टाका, ही मागणी तिथे वेडेपणाची राहत नाही. मजुरीचे दिवस मोजणाऱ्या घरात ती हिशेबाची असते.

हा हिशेब दुसऱ्यांनाही येतो. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये २०१२ साली सरकारी आरोग्य विम्याच्या पैशांसाठी खाजगी दवाखान्यांनी स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यावरून, तसेच बिहार आणि राजस्थानातील तशाच तक्रारींवरून, सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. महाराष्ट्रात २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. अंगावरून जाते, पोटात दुखते, 'खाली दुखते', आणि पिशवीला कॅन्सर होईल ही भीती : एवढ्या भांडवलावर या शस्त्रक्रिया होतात. 'खाली दुखते' या दोन शब्दांत जिची वेदना योनिमुखाची आहे अशी बाईही सामावलेली असते. तिची पिशवी काढली तरी ती वेदना जाग्यावरच राहणार, कारण तिथल्या त्वचेचा, मज्जातंतूंचा, स्नायूंचा गर्भाशयाशी संबंध नाही. वर अंडाशयेही काढली असतील तर इस्ट्रोजेन नाहीसे होऊन कोरडेपणा आणि जळजळ वाढायचीच. पण आता तिला सांगतील, ऑपरेशन झालंय ना तुझं, मग आता काय?

निदानाची मुख्य चाचणी, गंमत म्हणजे, अगदी साधी आहे. कापूस गुंडाळलेली एक काडी घेऊन योनिमुखाला घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेका जागी हलकेच स्पर्श करायचा आणि कुठे किती दुखते ते विचारून लिहून घ्यायचे. धानोऱ्याच्या किंवा एटापल्लीच्या सरकारी दवाखान्यात ती करायला यंत्र लागत नाही, भूल लागत नाही. आडोसा लागतो, बाई डॉक्टर किंवा निदान नर्स लागते, आणि दर स्पर्शानंतर 'इथे?' असे तिच्या बोलीत, म्हणजे झाडीत, गोंडीत किंवा माडियात विचारणारे कोणीतरी लागते. ती दचकेल, दोन जागी नाही म्हणेल, तिसऱ्या जागी हो म्हणेल. ते 'हो' केसपेपरवर कोणत्या शब्दांत लिहावे, हे लिहिणाऱ्याला तिथेच बसून तिच्याकडून विचारून घ्यावे लागेल.